आडव्या बाटलीचं हळदीकुंकू

प्रिय मनू,

माझं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घालायला निघशील, म्हणून आधीच सांगते, भांडायला लिहिलेलं नाही. बावीस वर्षांत तेवढी तरी शहाणी झाले आहे.

आपल्यावरची ती मालिका तूही बघतेस म्हणे. माझं काम करणारी बाई मोर्च्यातसुद्धा ओठ रंगवून घोषणा देते. तू शेजारी असतीस तर पोट धरून हसलो असतो. पण मंगळवारच्या भागात हसू आलं नाही. तुझ्या संघटनेच्या बायका माझ्यावर जळून दारूबंदीच्या मतदानावर बहिष्कार घालतात आणि दारूचं दुकान वाचतं, असं दाखवलं. मालिका लिहिणारी सृष्टी कराडला माझ्याकडे आली होती. ही हकिगत तिला मीच सांगितली. इतकी वर्षं सगळ्यांना हेच सांगत आले.

आपलं भांडण खरंच होतं. मी म्हणायचे, आधी गावातली बाटली आडवी करू. तू म्हणायचीस, "क्रांते, बाटली गेली तरी घर त्याच्याच नावावर ऱ्हातंय की. उद्या हाकललं तर जायाचं कुठं?" नवऱ्यानं टाकलेल्या बायकांची तुझी संघटना घरावर बाईचं नाव मागत होती आणि मला ते खूळ वाटायचं. तरी मतदानाला येण्याचा शब्द तू दिला होतास. गावातल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींचा शिक्का आडव्या बाटलीच्या चित्रावर पडायला हवा होता. घरी बसलेली प्रत्येक बाई दुकानदाराच्या कामाची.

आणि मी प्रचारासाठी काय केलं, तर हळदीकुंकू ठेवलं! पत्रीसरकारात राबलेल्या बापानं हौसेनं क्रांती नाव ठेवलेली मी, बोलावणं फक्त सवाष्णींना धाडलं. तुला नवऱ्यानं टाकलेलं, म्हणून तो जिवंत असूनही तू माझ्या हिशेबी त्यात बसत नव्हतीस. तरी तू सगळ्यांना घेऊन दारात आलीस. तुमच्यातल्या दगडाबाईंच्या हातात तर आडव्या बाटलीचे वाटायचे कागद होते. मी तुला पाहिलं आणि मान वळवून पुढच्या बाईला कुंकू लावलं. तुम्ही दारातूनच परत गेलात. मतदानाला तुमच्यातलं कुणी आलं नाही. एकवीस मतं कमी पडली. दुकान अजून चालू आहे.

परवा कळलं, विट्याच्या कॉलेजात पोरी तुझ्या शिवांजलीला दारूवाल्यांची नात म्हणून चिडवतात, आणि ती घरी येऊन तुला विचारते, आज्जे, खरं हाय का गं? ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. सृष्टीला फोन करून खरं सांगितलं, पण दाखवून झालेला भाग आता बदलता येत नाही म्हणाली. रविवारी मालिकेच्या लोकांनी कराडला माझा सत्कार ठेवला आहे. तिथं माइकवर हे सगळं सांगणार आहे. पण आधी तुला सांगायला हवं. मनू, माझं चुकलं. शिवांजलीला हे पत्र वाचून दाखव आणि तिला घेऊन ये. दारात थांबू नकोस. सरळ आत ये, पहिल्या रांगेत माझ्याशेजारच्या दोन खुर्च्या धरून ठेवते.

तुझीच, अजून तुझी म्हणवून घ्यायला धजावणारी,
क्रांती