तिसऱ्या बॉयलरचं पाणी

ती. आश्रुबादादा,

दिंद्रुडचे आपण वाटेकरी स्वतःच्याच विहिरीवर परके होत चाललो आहोत. कोळशाच्या वीजघराच्या पहिल्या बॉयलरसाठी कंपनीने काकांचा वाटा घेतला, दुसऱ्यासाठी सुंदररावांचा. तिसऱ्यासाठी आता फक्त तुझा उरला आहे. काल सुंदरराव घागर घेऊन गेले, तर पहारेकऱ्याने त्यांना हाकललं.

मागच्या बाजारी तू हसलास, "तुझ्या भाषणावर मोट चालती काय बे?" दादा, सभेत गरजणारा मी आज लपून लिहितो आहे. सरकारने माझ्या भाषणांवर आणि लिखाणावर बंदी घातली आहे. माझं पत्र तुझ्या घरात सापडलं तर तुलाही तुरुंगात टाकतील, म्हणून हे खिशातच राहणार. तरी लिहितो. तुझा वाटा गेला की प्यायच्या पाण्यासाठीही गावाला कंपनीचे पाय धरावे लागतील.

उद्या त्यांच्या कागदावर अंगठा करू नकोस.

तुझा धाकटा,
गहिनीनाथ