ओव्हनमधल्या मातीतला घेवडा

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, खोलीला मोठी खिडकी आहे आणि माती तपासण्याच्या कामात हातही बसलाय. तुझे गुडघे कसे आहेत? बाबा अजून टोपीशिवाय उन्हात फिरतात का?

एक गंमत सांगते. प्रयोगशाळेत तपासून उरलेली माती टाकून देतात. ती मी डब्यात भरून आणली आणि खिडकीत घेवडा लावला. उगवला छान, पण मग पिवळा पडत गेला. तू करतेस तसं एक रोप उपटून पाहिलं, तर मुळांना एकही गाठ नाही! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ती माती मीच ओव्हनमध्ये तापवून कोरडी केली होती. गाठींत राहून हवेतला नायट्रोजन रोपाला भरवणारे जिवाणू तिथेच मेले असणार. दिवसभर नायट्रोजन मोजणाऱ्या तुझ्या लेकीला एवढंही सुचलं नाही. हसलीस ना?

बिचाऱ्याच्या चहूबाजूंनी नायट्रोजनच नायट्रोजन, पण मुळाशी कुणी राहायला आलं नाही तर त्यातलं काहीच त्याला घेता येत नाही.

आमच्या इमारतीतही माणसांची खूप वर्दळ असते. होतील ओळखी हळूहळू. तू काळजी करू नकोस.

उरलेली रोपं मी फेकली नाहीत. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याशी बोलते, पण हे बाबांना सांगू नकोस.

उत्तर लिहायला बसशील तेव्हा परसातल्या घेवड्यापासून थेट उठून ये. हात धुऊ नकोस. कागदाला लागेल तेवढी माती मला पुरे.

तुझी,
धाकटी