परग्रहावरचं पायपुसणं

३ मार्च

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

माझी कादंबरी प्रकाशकांनी परत पाठवली. परग्रहवासी तीनशे पानं आपली शहरं जाळत सुटतात, पण येतात कशाला तेच कळत नाही म्हणे. मी लिहिलं होतं, पाणी न्यायला येतात. त्यावर समासात शेरा आहे की वाटेत जिथेतिथे बर्फ पडलेला असताना इथवर तडमडेल कोण? महिनाअखेरपर्यंत त्यांचा हेतू आणि डावपेच सापडले तर पुस्तक निघेल, नाहीतर दोन वर्षांची मेहनत वाया. तू तीस वर्षं लोकांची बिऱ्हाडं हलवतोस. सामानासकट लांब जाणाऱ्यांबद्दल तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

बाकी मी मजेत. घरमालकाला महिनाअखेरीस खोली रिकामी हवी आहे, पण त्याचं मी बघते. मामीला सांगू नकोस, उगाच जिवाला लावून घेईल.

लोभ आहे, तो असाच राहू दे.
तुझी भाची

९ मार्च

चि. लेखिकाबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र गोदामात खोक्यावर बसून वाचत होतो, तेवढ्यात मामीने हिसकावून घेतलं. तेव्हा न सांगण्याचं राहूनच गेलं.

तुझे प्रकाशक शहाणे आहेत. पाणी एवढ्या वर चढवायचं म्हणजे काय, ते लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर कपाट नेलेल्याला विचार. आणि ज्या घरात राहायचं ते आधी पेटवतं का कुणी?

आमच्या धंद्यात हेतू विचारावा लागत नाही, गाडीत डोकावलं की कळतो. लुटायला येणारा रिकामी गाडी आणतो. चार दिवसांचा पाहुणा बॅग आणतो. कायमचा येणारा पायपुसणं आणतो. मागे एक गृहस्थ जरा हवापालटाला म्हणून मुलाकडे निघाले होते. पडद्यांच्या दांड्यांभोवती गुंडाळलेलं पायपुसणं दिसलं, तेव्हा पोचल्यावर मी सुनेला आधी खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. ते अजून तिथेच आहेत. अशांचा डावही ठरलेला. आधी चंचुप्रवेश, मग एक खिळा ठोकायचा. खिळा ठोकला की खोली गेली.

तुझ्या खोलीचं काय झालं ते नीट लिही. मामी रोज विचारते आणि मला बोलणी बसतात.

लोभ आहेच, मामीचा जरा जास्त.
तुझा मामा

१७ मार्च

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

धन्य आहेस! आता कुणी काही जाळत नाही. ते येतात आणि यान नादुरुस्त आहे, चार दिवस थांबू द्या, असं नम्रपणे सांगतात. सगळे भुलतात. फक्त सामान हलवणारी एक बाई यानात डोकावते आणि तिला चार मैल लांबीचं पायपुसणं दिसतं. त्यांचा सूर्य विझलाय, मामा. जायला कुठे जागा नाही, आणि मागायची लाज वाटते म्हणून बिचारे आक्रमण करतात. लिहिताना मलाच रडू आलं.

प्रकाशकांना हेतू पटला, डावपेचही पटले. शेवट तेवढा अडलाय. त्यांना हाकलायचं की ठेवून घ्यायचं?

तो लिहायला चार दिवस तुमच्याकडे यावं म्हणते. गाडी पाठवशील का? सामान फार नाही. टेबल, खुर्ची, पुस्तकांची अकरा खोकी, दोन कुंड्या, पडदे आणि हातोडी. खोलीचं म्हणशील तर बघतेय अजून.

मामीला नमस्कार. लोभ कमी करू नये.
तुझी भाची

२२ मार्च

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

यादी मामीला वाचून दाखवली. ती हसायला लागली आणि मग डोळे पुसत बसली. यादीत सगळं आहे, पायपुसणं तेवढं नाही. कुंड्या आणि हातोडी आणणारी बाई पायपुसणं विसरत नाही, लपवते. अगं वेडे, मामाच्या घरी यायला डावपेच कसले लढवतेस?

गुरुवारी गाडी घेऊन मीच येतो. पायपुसणं सगळ्यांत वर ठेव, आमचं मामीने काढून टाकलंय.

शेवटाचं विचारलं होतंस. मागच्या खोलीत मामीने तुझ्यासाठी चार खिळे आधीच ठोकून ठेवलेत. तेच लिही.

लोभ आणू नकोस, इथे ठेवायला जागा नाही इतका आहे.
तुझा शरण आलेला
मामा