टेबलाखालचा दवाखाना

प्रिय ठमे,

परवा बाबांकडे गेलो होतो. कपाट आवरताना त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग सापडलं. ते लावून बाबा घड्याळावर वाकले की तू ओरडायचीस, "बाबांचा एक डोळा डबीत गेला!" आणि गिऱ्हाइकंसुद्धा हसायची. माझी शाळा सुटली की आपण दुकानात त्यांच्या टेबलाखाली खेळ मांडायचो. तू तीन वर्षांची, गोबरी, दिसेल ते तोंडात घालणारी. मी आठचा, तुझ्यावर लक्ष ठेवायला नेमलेला!

त्या दुपारी बाबा गिऱ्हाइकाशी बोलत होते. मी डॉक्टर झालो होतो. त्यांच्या खणातून नाण्याएवढा चपटा सेल काढला आणि "ही गोळी घ्या, बाई" म्हणून तुझ्या हातावर ठेवला. तू खरंच गिळलास. खोकलीस, रडलीस, मग गप्प झालीस. लाळ गळायला लागली, दूधही उतरेना. आईला वाटलं, घसा धरलाय. तिने मला दोनदा विचारलं, "काही खाल्लं का रे हिने?" मी दोन्ही वेळा नकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी एक्स-रेत तो अन्ननलिकेत अडकलेला दिसला. दुर्बिणीने काढला, पण तोवर सेलमुळे आतून भाजलं होतं. "दोन तासांत आणलं असतं तर..." डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुढचं आईने ऐकलंच नाही. जखम भरताना नळी आवळली. मग वर्षभर दर महिन्याला भूल देऊन ती रुंद करायची. बाबांच्या खांद्यावर बसून तू ऐटीत जायचीस, जणू जत्रेलाच. अजूनही पानावरून सगळ्यांच्या शेवटी उठतेस ना?

बाबा मात्र म्हणत राहिले, "माझ्याच हातून पडला असणार." दुकान बंद करून त्यांनी गोदामात कारकुनी धरली. मी तेव्हाही बोललो नाही.

परवा जेवताना त्यांनी सहज विचारलं, "ठमी आता नीट जेवते का रे?" मी हातातला घास ताटात ठेवला. सगळं सांगून टाकलं.  बाबा एवढंच म्हणाले, "भोगलं तिने. तिला सांग." म्हणून हे पत्र. माझ्याशी हवं तितके दिवस बोलू नकोस. पण बाबांना आजच फोन कर. त्यांच्या हातून काही पडलं नव्हतं, हे तुझ्या तोंडून ऐकू दे त्यांना.

तुझाच,
दादा