राहीबाईंची तिसरी नोटीस

प्रिय मानसी,

जयभीम आणि खूप आशीर्वाद. पाकीट बघून तू आधी घाबरशील आणि मग हसशील, की बाबांना पोस्टाचं तिकीट मिळालं तरी कुठं. काय करणार, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. गोळ्या घेतल्या का, मीठ कमी केलं का, गच्चीवर कशाला चढलात, एवढ्यात तुझी ड्यूटीची वेळ होते. मला तुला राहीबाईंची हकिकत सांगायची आहे आणि ती मध्ये न तोडता सांगायची आहे. छत्तीस वर्षं मी पोरांना नागरिकशास्त्र शिकवलं, पण नियम पाळणं कशाला म्हणतात हे मला चौथीतून शाळा सोडलेल्या बाईनं या वयात शिकवलं.

राहीबाई म्हणजे आपल्या शेजारच्या. तू मे महिन्यात आलीस तेव्हा परत जाताना तुझ्या पिशवीत नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी कोंबणाऱ्या, त्याच. मूळच्या शिवथरच्या खोऱ्यातल्या. नवरा दत्ताराम इथे कंपनीत वॉचमन होता. आपल्यासारखीच त्यांचीही नदीकाठची खोली पुरात गेली आणि आपल्यासारखीच त्यांना या सरकारी वसाहतीत भाड्याची खोली मिळाली, तिसऱ्या मजल्यावर, मध्ये एक भिंत. मुलगा रितेश मुंबईला, एका खोलीत पाच माणसं. गावच्या घराचं छप्पर केव्हाच खाली बसलंय. म्हणजे ही खोली गेली तर बाईंना दुसरीकडे जागा नाही, हे ध्यानात ठेवून पुढचं वाच.

जिन्यात बावीस नियमांचा बोर्ड आहे ना? कपडे ठिबकत वाळत घालू नयेत, गॅलरीत मासळी सुकवू नये वगैरे. त्यातला नववा माझा. इमारतीत, जिन्यात, गॅलरीत, गच्चीवर विडी-सिगारेट पेटवायची नाही. तीन नोटिसा झाल्या की खोली रिकामी करायची. भाडेकरू समितीत हा ठराव मीच मांडला, भांडून मंजूर करून घेतला, आणि वरून साहेबांची सहीसुद्धा मीच तीन खेपा घालून आणली. लोक म्हणाले, गुरुजी, आयुष्यभर स्वतः धुराडं झाला होतात, आता आमच्या मागे का? तुझ्या आईनं जन्मात विडी हातात धरली नाही आणि तिची फुप्फुसं निकामी झाली. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कोण ओढतं, तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. फक्त बघितलंस. दवाखान्याच्या बाकावर मी तुला शब्द दिला, की परत विडीला हात लावणार नाही. सरिता या नव्या खोलीत सातच महिने राहिली आणि गेली. नियम नऊ मी तिच्यासाठी केला, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

दत्ताराम या नियमावर भयंकर चिडला. पण मोडला मात्र एकदाही नाही. दोन्ही गुडघे धरून चोपन्न पायऱ्या उतरायचा आणि फाटकाबाहेरच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन विडी ओढायचा. उतरताना माझ्या दाराशी मुद्दाम थांबून बायकोला ओरडून सांगायचा, "चाललो गो मी देशाबाहेर, गुरुजींना कळव!" पावसात छत्री घेऊन जायचा, पण जायचा. गेल्या शिमग्याच्या सुमारास एका सकाळी छातीत कळ आली आणि तासाभरात संपला. त्यानंतर त्या दाराशी कुणी ओरडेना, आणि खरं सांगू, मला ते चुकल्यासारखं होई.

आपल्यात पितरांचं पान वगैरे काही नाही, पण शेजार म्हटल्यावर बघायला मिळतं. राहीबाई दर अमावास्येला गॅलरीच्या कठड्यावर दत्तारामसाठी पान ठेवू लागल्या. भाकरी, सुकट, कोरा चहा आणि एक विडी. विडी पेटवलेली हवी, कारण गेलेल्या माणसाला न पेटवलेली विडी देणं म्हणजे उपाशी माणसाला कच्चे तांदूळ देणं, असं त्यांचं म्हणणं. त्या स्वतः ओढत नाहीत. गॅसवर टोक धरायचं आणि पानाशेजारी ठेवायची. पण विडी नुसती ठेवली की विझते, म्हणून त्या बाजूला बसून पदरानं वारा घालत राहायच्या. सर्वपित्रीच्या दिवशी तो वारा पलीकडच्या खिडकीत गेला. तिथे राजनंदिनी राहते, साडेचार वर्षांची, दम्याची. पोरीला पंप द्यावा लागला. समितीचे अध्यक्ष महिपतराव माझ्याकडे आले, चिटणीस म्हणून मी नोटीस लिहिली. नंबर एक.

मला वाटलं होतं, बाई रडतील किंवा भांडतील. त्यांनी नोटीस दोन्ही हातांनी घेतली, मला वाचून दाखवायला लावली आणि उठून थेट राजनंदिनीच्या आईकडे गेल्या. तिथून आल्यावर म्हणाल्या, "पोरगीचा जीव किती तो एवढासा, माझ्या ध्यानातच नाय आलं." पुढच्या अमावास्येला, म्हणजे दिवाळीत, त्यांनी पान त्या खिडकीपासून लांब जिन्याच्या तोंडाशी नेलं. धूर जिन्यातून वर चढला. नंबर दोन. तीही मीच लिहिली, सुवाच्य अक्षरात, तारखेसकट. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, की शेजार असूनही मी ढळलो नाही.

दुसऱ्या नोटिशीनंतर त्या आपल्या दारात आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पेटवायची नाय, निसती ठिवली तर तुमच्या कायद्यात बसंल काय?" मी नियम काढून वाचला. पेटवणे मना आहे, ठेवणे मना नाही. तसं त्यांना लिहून दिलं. त्यांनी कागद घडी घालून कनवटीला लावला. मग जरा वेळ उंबऱ्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "मालक रागवतील, पन मेल्या मान्साला दमा व्हत नाय. पोरीला व्हतो." मानसी, स्वतःचं दुःख एवढं बाजूला सरकवून दुसऱ्याच्या लेकराला जागा करून देणारं माणूस मी फार पाहिलेलं नाही. चाळीस वर्षांचा संसार ज्या माणसाशी केला त्याला ती बाई थंड विडी वाढणार होती, आणि तेही माझ्या कागदाचा मान राखून.

कार्तिकातल्या अमावास्येला तिनं तशीच वाढली. दुसऱ्या दिवशी सकाळी महिपतरावांना ती विडी तिच्या दारासमोर पानावर सापडली, पार दोऱ्यापर्यंत जळलेली. आता विडी आपोआप एवढी जळत नाही, हे ओढणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. कुणीतरी तोंडात धरून ओढलेली. दुपारपर्यंत खालच्या मजल्यावर बायका कुजबुजू लागल्या, की म्हातारी आता स्वतःच फुंकायला लागली. तिसरी नोटीस म्हणजे खोली. रविवारी सभा ठरली.

सभा खाली, स्कूटर लावतात तिथे. सत्तावीस माणसं. राहीबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या आणि खुर्ची देऊनही उभ्याच राहिल्या. महिपतरावांनी जळकी विडी कागदावर ठेवून विचारलं, ही तुम्ही पेटवलीत? त्या म्हणाल्या, "मी पेटवली नाय." मग कुणी? त्यावर त्या म्हणाल्या, "ते मी सांगनार नाय. पान माझं, विडी माझी, दार माझं. नोटीस माझ्या नावानं काढा. नियम चांगला हाय, पोरीच्या भल्याचा हाय. त्याला माझ्यापायी भोक पाडू नका." ज्या खोलीपलीकडे तिला या जगात छप्पर नाही ती खोली तिनं अशी समोर ठेवून दिली. खोटं एक अक्षर बोलली नाही आणि कुणाचं नावही घेतलं नाही. राजनंदिनीची आई, जिच्या तक्रारीवरून पहिली नोटीस निघाली होती, ती डोळ्यांना पदर लावून म्हणाली, राहू द्या ना बाईंना. महिपतरावही अवघडले. पण माझ्याकडे बघून म्हणाले, गुरुजी, नियम तुमचा आहे, तुम्हीच सांगा.

मी उठलो. मानसी, ती विडी मी ओढली होती.

कारण विचारू नकोस, कारण काही नव्हतं. संध्याकाळी टाकीतलं पाणी बघायला गच्चीवर निघालो होतो. कठड्यावर पान होतं, पानाशेजारी विडी. मी पुढे गेलो, परत आलो. मग आगपेटी आणायला घरात गेलो, म्हणजे हे चुकून झालं असं म्हणायचीही सोय राहिली नाही. साडेतीन वर्षांनी पहिला झुरका घेतला आणि आधी खोकलो, मग शेवटपर्यंत ओढली. थोटूक पानावर ठेवून कडी लावून बसलो. सकाळी महिपतराव बोंबलत आले तेव्हा मी दाढी करत होतो आणि करतच राहिलो. सहा दिवस मी ती बाई रोज भाजी निवडताना बघितली आणि काही बोललो नाही. हे सगळं मी सभेत सांगितलं. मग महिपतरावांनी कपाळाला हात लावला. त्यांना नियमाचं राहू दे, पितराच्या पानावरचं उचललं याचाच मोठा धक्का बसला होता. म्हणाले, गुरुजी, मेलेल्या माणसाच्या तोंडची विडी ओढलीत तुम्ही?

तेव्हा राहीबाई पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "त्यात काय झालं? घास कावळा खातो, तरी तो मालकालाच पोचतो ना? विडी काय कावळ्याला ओढता येत नाय. गुरुजींनी ओढली, मालकाला पोचली." आधी राजनंदिनीची आई हसली, मग सगळेच. पुऱ्या वसाहतीपुढे मला कावळा ठरवलं गं त्या बाईनं, आणि आयुष्यात मला मिळालेल्या कुठल्याही शालीपेक्षा मला ते मोठं वाटलं. माझी मान खाली जाऊ नये म्हणून तिनं ते केलं, हे न कळण्याइतका मी खुळा नाही.

राहीबाईंची खोली राहिली. पान ठेवायला हरकत नाही, विडी न पेटवता, असा ठराव झाला. जिना चढताना मी त्यांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का? त्या कठडा धरून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढल्या. दाराशी आल्यावर म्हणाल्या, "मी आतच व्हते. काडी ओढल्याचं ऐकलं, मग तुमचा खोकला. भाईर येनार व्हते. पन मालक गेल्यापासनं तो वास नाकात गेला नव्हता, गुरुजी. म्हटलं, ओढू दे." आणि दार लोटून घेतलं. मी माझ्या दारात उभा राहून रडलो, तुला सांगायला लाज वाटत नाही. तुझ्या आईच्या वेळी एवढा रडलो नव्हतो.

आता पत्र का, ते सांगतो. सभेनं मला पहिली नोटीस दिली आहे. मी चिटणीसपद सोडत होतो, पण समितीत दुसऱ्या कुणाचं अक्षर धड नाही म्हणून ती नोटीस मीच लिहिली. आपल्या वसाहतीत नोटिशीची एक प्रत, भाडेकरूनं अर्जात वारस म्हणून ज्याचं नाव घातलं असेल, त्याच्या पत्त्यावर जाते. माझ्या अर्जात तुझं नाव आहे. पत्ता घालून पाकीट तयार आहे, उद्या टपालात पडेल. ते तुझ्या हातात पडायच्या आधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र आजच टाकतो. अमावास्येच्या दुसऱ्याच दिवशी तू फोनवर नेहमीसारखं विचारलंस, बाबा, विडीला हात नाही ना लावला? आणि मी नाही म्हणालो. तू रागाव. चार दिवस फोन केला नाहीस तरी चालेल. पण नोटीस आली की फाडू नकोस. तुझी आई तीस वर्षं माझ्या धुरात भाकऱ्या थापत बसली आणि मला कुणी एकही नोटीस दिली नाही. ही पहिली आहे. ती तुझ्याजवळ ठेव.

तुझाच,
बाबा