चाळीस लिंका आणि ओढणीचं टोक

३ ऑगस्ट

नुकुसच्या ऑफिसातून बिबिनाझचा पुन्हा मेसेज — "यादी कधी देतेस? आपल्या संवाद-सल्लागारांना ऑनलाइन जे जे उपयोगी पडतं, ते सगळं एका पानावर हवंय. तू नऊ वर्षं घरबसल्या हेच करतेयस, तुझं तर पाठ असेल!"

पाठ आहे खरं. आवाजाचे व्यायाम, भाषणांचे नमुने, कॅमेऱ्यासमोर न अडखळता कसं बोलावं... आज सत्तावीस लिंका झाल्या. दुपारी अंगणातल्या खरबुजांच्या वासानं डोळे जड झाले. वाटलं, या लिंका म्हणजे अमू नदीच्या पलीकडची गावं आहेत. इथून नुसते दिवे दिसतात. तेवढ्यात सासऱ्यांचा खोकला ऐकू आला. ओढणीचं टोक दातांत धरलं आणि चहा नेऊन ठेवला.

नऊ वर्षं! जगाला बोलायला शिकवते आणि सासऱ्यांशी एक शब्द नाही. ही तोंड झाकून मुकं राहायची रीत, हा यश्मक, त्यांनीच सोडवायचा असतो — हातावर काहीतरी भेट ठेवून "बोल, पोरी" म्हणायचं. गावातल्या बाकीच्या सुना दोन-तीन वर्षांत सुटतात. हे विसरलेत की मुद्दाम, कोण जाणे. विचारणार कसं? बोलता येत नाही ना!

९ ऑगस्ट

सासरे शेतात पडले. उजवा हात लुळा. वाचा गेली.

१७ ऑगस्ट

घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, "पहिले तीन महिने हातचे घालवू नका. रोज तासभर कोणीतरी समोर बसून सावकाश बोलायचं. बोलणाऱ्याचं तोंड त्यांना दिसलं पाहिजे." मी ओढणी दातांत धरून मान हलवली.

सासूबाई बोलायला बसल्या. दुसऱ्याच शब्दाला रडू फुटलं. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

रात्री नवऱ्याचा, गुवांचचा, अक्ताऊहून कामावरून फोन. "तू बोल ना! तुझं कामच आहे ते."

"आणि तुझ्या वडिलांना अपमान वाटला तर?"

शेजारून सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्या तोंडून सुटका झाल्याशिवाय नको गं. पडलेल्या माणसाची किंमत ठेवली नाही, असं व्हायचं."

म्हणजे त्यांनी परवानगी दिल्याशिवाय मी बोलायचं नाही, आणि मी बोलल्याशिवाय त्यांना परवानगी देता यायची नाही. हसू आलं आणि मग फार रडू आलं.

२४ ऑगस्ट

यादी चाळीसवर गेली. आता बिबिनाझसाठी नाही, स्वतःसाठी शोधतेय. चित्रांची पानं छापून आणली — पाणी, उशी, भाकरी. त्यांनी डाव्या हातानं बाजूला सारली. एक रशियन बाई ओठ गोल करून स्वर शिकवते, तो व्हिडिओ लावला. परक्या बाईचं तोंड बघायचं नाही म्हणून मान फिरवली! आपल्या भाषेत काहीच सापडत नाही. कोणी केलंच नाही.

मग फोनवर माझा आवाज भरून ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "फोन बोलतोय. तू कुठे बोलतेस?" लबाड आहेत! पण आवाज ऐकून ते मला शोधत राहिले, दाराकडे, खिडकीकडे. मी समोरच बसले होते. तोंड झाकून.

३० ऑगस्ट

स्वप्न. न बोललेले सगळे शब्द मी दोरीवर वाळत घातलेत, खरबुजाच्या फोडींसारखे. सासरे खालून चालत जातात आणि एकेक चाखून बघतात. जाग आली तरी दिवसभर तोंडात गोड चव होती.

३ सप्टेंबर

सकाळी त्यांना पाणी हवं होतं. घशातून नुसती घरघर. रागानं त्यांनी डावी मूठ गादीवर आपटली, आणि डोळ्यांतून पाणी आलं. इतका ताठ माणूस!

मी टोक सोडलं. म्हटलं, "पाणी. पा-णी. माझ्याकडे बघा, बाबा."

त्यांनी बघितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझं अख्खं तोंड बघितलं. मग हळूहळू भिंतीकडे वळले.

सासूबाई बाहेर जाऊन बसल्या. आता मागे फिरणं नाही.

११ सप्टेंबर

रोज एक तास त्यांच्या पाठीशी बोलते. वळत नाहीत. सासूबाईही मोजकंच बोलतात. मी काय केलंय हे?

बिबिनाझला यादी पाठवली. "यातली सगळ्यात उपयोगी कोणती?" म्हणाली. फोन ठेवला आणि सासऱ्यांच्या खोलीत गेले.

१९ सप्टेंबर

आज धडे संपले, तशी काहीबाही सांगत सुटले — लग्नाच्या वर्षी रस्सा खारट झाला तो मुद्दाम नव्हता, लाल उंटीण मीच सोडली होती, तुमची टोपी धुताना आटली ती मीच लपवली. थांबताच येईना. तासाचे दोन तास झाले. आणि ते वळले. तोंड वाकडं करून, घाम गाळत, पण स्वच्छ म्हणाले —

"गप्प!"

सहा आठवड्यांतला पहिला शब्द! सासूबाई धावत आत आल्या. मी सासऱ्यांचं ऐकलं नाही. बोलतच राहिले.