पडद्याकडे पाठ

तीर्थरूप आईस,
लांबूनच पाया पडतो.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, खोकलाही गेलाय, जवळजवळ.

आमच्या दिग्दर्शकांचा सिनेमा एकदाचा लागला. आई, असा माणूस लाखात एक, पण या धंद्यात त्यांना कुणी हिंग लावून विचारत नाही. माझं तर डोकंच फिरतं.

त्यांची एक खोड आहे. आपला सिनेमा सुरू झाला की ते पुढे पडद्याकडे पाठ करून उभे राहतात आणि लोकांचे चेहरे बघतात. काल थिएटरात मी एकटाच होतो. तरी उभे राहिले.

सिनेमात एक म्हातारी आहे. मुलगा येईल म्हणून ती जेवताना दार उघडं ठेवते, बस्स, एवढंच. आपल्या घरचं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. संकलन करताना तो प्रसंग मीच कितीदा कापलाय, जोडलाय. तरी काल डोळ्यांना धार लागली.

ते जवळ आले, पाठीवर थाप मारून म्हणाले, "चला, चालला आपला सिनेमा!"



तुझा गुडघा कसा आहे? आणि खरं सांग, जेवताना दार लावून घेतेस ना?

तुझा,
धाकटा